चौकटीच्या वरची बाई

स्टुडिओवाल्याला अख्खी गल्ली ‘फूटपट्टी’ म्हणायची. त्याला राग यायचा नाही, उलट अंगावर मूठभर मांस चढायचं. पासपोर्टचा फोटो कापावा तर त्यानेच. स्क्रीनवर पस्तीस बाय पंचेचाळीस मिलिमीटरची चौकट ठेवायची, हनुवटी खालच्या खुणेला, टाळू वरच्या खुणेला, दोन्ही कानांपासून अंतर सारखं. इतर दुकानांतले फोटो नापास होऊन परत यायचे, याचा एकही कधी आला नाही.

तान्ह्या बाळांचे फोटो काढायला तर लोक लांबून यायचे. त्यातलं अर्धं श्रेय बायकोचं. ती गळ्यापासून पांढरी चादर पांघरून स्टुलावर बसायची आणि बाळाला मांडीवर घेऊन चादरीआडून त्याची मान सांभाळायची. बाळामागे छान पांढरं दिसायचं. तिचा चेहरा चौकटीच्या वर राहायचा, तो कापला जायचा.

तिचा पुढचा दात अर्धा तुटलेला होता. त्यामुळे कॅमेरा दिसला की ती ओठ आवळून घ्यायची. घरातल्या झाडून साऱ्या फोटोंत तशीच. मांडीवर बाळ असलं की मात्र खदखदून हसायची, कारण तो फोटो तिचा नसायचाच. मग चादर झटकत स्क्रीनपाशी यायची. “ध्यान दिसतेय नुसतं! मला आधी कापून टाका बघू.”

तो कापायचा आणि त्याच फाइलवर सेव्ह करायचा. मूळ फोटोची वेगळी प्रत ठेवणं त्याला गबाळेपणा वाटायचा. कॅमेऱ्याचं कार्डसुद्धा रोज संध्याकाळी पुसून ठेवायचा. आता या शिस्तीला काय म्हणावं? अकरा वर्षं तो बायकोला रोज कापत होता, तेही तिच्याच सांगण्यावरून.

तीन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि ती गेली.

लेक आली ती रडून डोळे सुजवूनच. भिंतीवर लावायला घरातले सगळे फोटो तिने जमिनीवर मांडले आणि एकेक बाजूला सारला. “बाबा, या सगळ्यांत आई रागावल्यासारखी दिसते. ती अशी होती का? हसरा नाही का एकही?”

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तो दुकानात गेला आणि अकरा वर्षांच्या फाइली उघडत बसला. बाळं, बाळं आणि बाळं. प्रत्येकाच्या डोक्यावर बोटभर पांढरं, आणि तिथेच फोटो संपलेला. कुठे तिची हनुवटी निसटून आत आली असेल, कुठे ओठाचा कोपरा राहिला असेल, म्हणून तो दोन दिवस डोळ्यांत तेल घालून बघत होता. जन्मात पहिल्यांदा तो स्वतःची चूक शोधत होता, आणि ती सापडत नव्हती.

शेवटी त्याने कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. त्याने तासभर खटपट केली आणि मान हलवली. “काका, मूळ फोटोवरच सेव्ह केलंय तुम्ही. आधीचं काही उरलेलं नाही.”

फूटपट्टी स्टुलावर बसला आणि परक्या माणसासमोर हुंदके देऊन रडला.

दुकान पुन्हा उघडलं त्या दिवशी एक बाई तान्ही मुलगी घेऊन आली. धरायला कुणी नव्हतं, तेव्हा तिनेच चादर पांघरली. मुलगी शिंकली, आई हसली आणि मुलीने डोळे उघडताच त्याने फोटो टिपला.

त्याने स्क्रीनवर चौकट बसवली. हनुवटी जागेवर, टाळू जागेवर. बाई मागून डोकावली. “अगं बाई, केस बघा माझे! मला आधी कापून टाका हं.”

त्याचा हात माउसवर तसाच राहिला. चौकट धूसर दिसायला लागली, तसं त्याने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. मग आधी मूळ फोटोची प्रत केली, ती जपून ठेवली आणि तेव्हाच कापायला घेतलं. बैल गेला नि झोपा केला, हे त्याला का कळत नव्हतं? तरी केलं.

पाकिटात पासपोर्टचे फोटो घातले आणि त्यांच्यामागे एक मोठा, अख्खा.

“हा कशाला? यात मी आहे की,” बाई म्हणाली.

“असू दे, ताई,” तो म्हणाला. “तिला पुढे लागेल.”