दाखलाताईचा दाखला

पाड्यांवर मेघालीला मेघाली म्हणून कुणी ओळखत नाही. तिथे ती दाखलाताई. जातीचा दाखला, जन्माचा दाखला, रहिवासाचा दाखला; ज्यांच्या बापजाद्यांनी जंगल राखलं पण कागद राखला नाही, त्यांचे कागद काढून देणं हे तिचं काम. टेमघरात पिठाच्या गिरणीवर तिच्या संस्थेची एक खोली आहे. तिथे तीन प्लास्टिकच्या खुर्च्या, त्यातल्या एकीला पाय साडेतीन. पगाराला तिथे मानधन म्हणतात. "मान तुला, धन दुसऱ्याला," असं तिचे तात्या म्हणायचे. तात्यांची हयात कारकुनीत गेली. मुलगी रोज सकाळी कामाला निघाली की मागून विचारायचे, "ते असू दे, नोकरी कधी बघतेस?" सात वर्षं हेच.

आणि मेघाली काही संतबिंत नव्हती बरं का! पैसा तिला मनापासून आवडायचा. मानकोलीच्या एका गोदामवाल्या कंपनीने दुप्पट पगार देऊ केला तेव्हा बाई मुलाखतीतच विरघळल्या. एसी होता, चाकांची खुर्ची होती. साहेब जरा बाहेर गेला तशी तिने बसल्या बसल्या एक गिरकी मारून घेतली. सोमवारी रुजू व्हायचं ठरलं. संस्थेत अजून सांगितलं नव्हतं. पाड्यावर तर नाहीच.

गुरुवारी कंपनीचा फोन. "मॅडम, आपकी फाइल अटकी है. नाम मॅच नहीं हो रहा."

काढला शाळेचा दाखला. तर काय! आधारवर मेघाली आणि दाखल्यावर मेधाली. कुण्या मास्तरांनी 'घ'चा 'ध' केलेला, आणि सात वर्षं दुसऱ्यांचे काना-मात्रे तपासणाऱ्या या बयेने स्वतःचा कागद एकदाही वाचला नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तात्या हसून हसून खोकायला लागले.

तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून बसणारे वकील म्हणाले, "दोन्ही नावं एकाच बाईची, असं प्रतिज्ञापत्र करू. दोन ओळखणारे आणा. नात्यातले नकोत." शुक्रवारच्या भर दुपारी कोण येणार? मैत्रिणी ड्युटीवर. तेवढ्यात समोरून धाकल्या आणि त्याची बायको सरू आली. पाड्यावरून नातवाच्या दाखल्याची चौकशी करायला आले होते. दोघांचं आधार मेघालीनेच काढून दिलेलं.

"हिला ओळखता?" वकिलांनी विचारलं.

"हिला कोन न्हाय वळखत?" सरू म्हणाली.

"नाव काय हिचं?"

"दाखलाताई."

"अहो, कागदावरचं नाव!"

धाकल्याने डोकं खाजवलं. "आमची नावं कागदावं हिनं घातली. हिचं कोन घालनार?"

वकिलांनी देवाचं नाव घेतलं आणि दोघांचे अंगठे घेतले. शाई पदराला पुसत सरूने विचारलं, "ताई, तुला कशाला लागला गं दाखला?"

"नोकरीला."

"म्हंजे? आमच्यात येतीस ती नोकरी न्हाय?"

"तात्या म्हणतात, नाही."

"तरीच," धाकल्या म्हणाला.

"तरीच काय?"

"नोकरीवाला बोलतो, उद्या या. तू कदी बोलली न्हाईस."

मेघालीला धाकल्याचा राग आला, कारण ती खुर्ची खरंच फार छान होती. तिने सरूच्या हातातली पिशवी ओढली आणि नातवाचे कागद टेबलावर पसरले. जन्मतारखेचा रकाना कोरा होता.

फोन वाजला. कंपनीच होती. "मॅडम, नाम का काम हो गया? मंडे को पक्का ना?"

तिने हातातल्या प्रतिज्ञापत्राकडे पाहिलं. सही, शिक्का, सगळं झालं होतं. मग वकिलांकडून पेन मागून घेतलं, फोन खांद्यात धरला आणि सात वर्षांत पहिल्यांदाच कुणाला तरी म्हणाली, "आज नहीं, कल आइये."