हिरामणचा हात त्याच्या घाईने गेला नाही

हिरामण गेल्याचा फोन आला तेव्हा मी पनवेलच्या एसटी स्टँडवर होतो. लागलेली गाडी सोडली आणि रिक्षाने त्याच्या घरी गेलो. पुढे दहाव्याला कुणीतरी म्हणालं, "माणूस सोन्यासारखा, पण घाई नडली. नाहीतर हात असा आकसला नसता." मी मान डोलावली. तेव्हापासून एका जागी बसवत नाही... म्हणून हे लिहितो आहे.

आम्ही दोघं रस्त्याच्या कामावर होतो. मी मुकादम, तो डांबर तापवणारा. "मुकादम, गालाला तीट लावू का? दृष्ट नाय लागायची," असं भट्टीपाशी चालायचं त्याचं. ओवे गावाजवळ काम चालू असताना बादली कलंडली आणि उकळतं डांबर त्याच्या उजव्या हातावर आलं. ओरडतच त्याने हात पाण्याच्या पिंपात घातला. तेच बरोबर होतं. पण आमची रोजची रीत वेगळी. काम सुटलं की अंगावरचं डांबर रॉकेलने पुसायचं. गार होऊन बसलं की निघत नाही, हे डोक्यात पक्कं. मी त्याचा हात पिंपातून ओढला, रॉकेलचं फडकं घासलं, तरी निघेना म्हणून डांबर उपटलं. त्याबरोबर कातडी आली... "राऊ दे रे दत्तू," तो कळवळत होता. मला वाटत होतं, मी त्याला वाचवतोय.

दवाखान्यात डॉक्टर संतापले. "हे ओढलं कुणी? हात पाण्यातच धरायचा, चिकटलेलं तसंच ठेवून इथे आणायचं. आम्ही मलमाने मऊ करून हळूहळू काढलं असतं!" मी तोंड उघडायच्या आत हिरामण म्हणाला, "मीच. घाई झाली." बाहेर आल्यावर विचारलं, तर म्हणतो, "तुजी मुकादमी गेली तर मला कामावर ठेवील कोन, तुजा बाप?" दोघंही हसलो. त्या हसण्याच्या आडोशाला मी इतकी वर्षं काढली. त्याची बोटं आत वळली ती वळलीच.

हे छापून येण्याआधी त्याच्या बायकोला, यमुनावहिनींना, सांगणं भाग होतं. गेल्या आठवड्यात जाऊन सांगितलं.

"जेवताना घास सांडला की मी त्यांना बोलायची, तुमच्या घाईनंच घात केला. ते नुसते हसायचे... तुमी समोरच बसलेले असायचात, भावजी. तवा तोंडात काय भाकर होती तुमच्या?"

भाकरच होती. त्यांच्याच हातची.

मी उठायला लागलो. "बसा," त्या म्हणाल्या आणि चहा घेऊन आल्या. कप समोर ठेवला तो कान डाव्या बाजूला वळवून, हिरामणला धरता येईल असा. त्यांच्या ध्यानात आलं. कप फिरवायला हात पुढे झाला आणि मध्येच थांबला. मी डाव्या हाताने कप उचलला. जमेना, चहा बशीत सांडत राहिला.