हिची कुडी

परवा गुडघ्याला मशीन लावताना जेलचा तो गार वास आला आणि मुलुंडच्या घरातली ती दुपार आठवली. हिला पॅरालिसिसचा झटका येऊन उजवा हात लुळा पडला होता, वाचाही गेली होती. व्यायाम करून घेताना कानाला जेल चोपडून, चिमटा लावून हलका करंट द्यायला फिजिओथेरपीवाली मुलगी घरी आली. म्हणाली, "काका, काकूंच्या डाव्या कानातलं काढा ना. तिथल्या नसेतून मेंदूला चालना मिळते." हिने जोरात मान हलवली. लग्नापासून ती कुडी कधी उतरली नव्हती, आणि मी त्या कुडीला कधी हातही लावला नव्हता. फिरकी काढताना मला घाम फुटला. कुडी मुठीत धरून बसलो. मुलीने हिचा चांगला हात धरून ठेवला, करंट सुरू केला आणि म्हणाली, "आता उजव्या हाताने हा चेंडू उचला, काकू." चेंडू तिथेच राहिला, पण हात मांडीवरून उठला, थरथरत गळ्यापर्यंत गेला आणि पडला. "झकास, काकू!" मुलगी ओरडली. तिला काय कळणार, ही कानातली आपली कुडी शोधत होती! पुढे रोज काढता-घालता माझा हात बसला. आता मी ती फिरकी डोळे मिटूनही लावतो, नुसत्या कुडीला, आणि डबी बंद करतो.