मोहाखालचा रविवार

ती चर्चमध्ये माझ्या मागच्या बाकावर बसते. बायबल बाजाराच्या पिशवीतून आणते, आणि गाणं संपलं तरी तिचा शेवटचा सूर थोडा वेळ रेंगाळतो. पाळकसाहेब प्रार्थनेचे विषय विचारतात तेव्हा आम्ही मुलांच्या परीक्षा, गुडघे, बदल्या सांगतो. ती नेहमी चर्चबाहेरच्या कोणाचं तरी दुखणं सांगते आणि वर विचारते, "तिथी संगं कोन येते?" मग आम्ही गाण्याचं पुस्तक चाळायला लागतो.

यंदा मोहफुलं पडायला लागली आणि शेजारच्या गावात फुलं वेचणाऱ्या एका बाईला वाघानं मारलं. त्या रविवारी आम्ही तिच्या घरच्यांसाठी मनापासून प्रार्थना केली. आमेन झाल्यावर मागच्या बाकावरून ती म्हणाली, "वाकलेल्या मानसावर वाघ येते जी. चार जनं उभे दिसले का फिरून जाते. बाया सकाळीच वेचतेत. आपन इथी उभं राह्यतोच ना, एक रविवार तिथी राहू."

पाळकसाहेब म्हणाले, "बाई, ते वनखात्याचं काम आहे." मला हायसं वाटलं.

आज मागचा बाक रिकामा आहे. येताना बसमधून ती मला दिसली होती. फुलं वेचणाऱ्या बायांकडे पाठ आणि जंगलाकडे तोंड करून, हातात काठी घेऊन ती एकटीच उभी होती.

पाळकसाहेब म्हणतात, "प्रार्थनेसाठी उभे राहू या." आम्ही सगळे उभे राहतो. मधेच दार वाजतं. ती आली असेल म्हणून मी डोळे उघडून मागे बघतो.

वारा आहे.