बेल्ट काढून ठेवलेला होता, तरी तो चिरकला

आधीच सांगून टाकतो, मी मीटरवाला माणूस आहे. मीटरवर आकडा आला तर करंट आहे, नाही आला तर नाही... विषय संपला. भूत, करणी, बाहेरचं, यातलं मी कधी काही मानलं नाही. सासूबाईंनी माझ्या मोटरसायकलला बांधलेलं लिंबू सोडून मी त्याचं सरबत करून प्यायलो आहे, आणि ते त्यांना सांगितलंही आहे. असा मी, संतोष, चिखलीत एसी दुरुस्तीचं दुकान चालवणारा, हे लिहितोय. आणि लिहिताना आत्तासुद्धा अंगावर काटा येतोय. भीतीचा नाही बरं का, वेगळाच!

मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाताना दुसरबीडच्या अलीकडे रस्त्याला लागून एक मंगल कार्यालय आहे. त्याच्या गच्चीवर मोठं पॅकेज युनिट बसवलंय. म्हणजे दोन कपाटांएवढं एकच खोकं – कॉम्प्रेसर त्यातच, हवा फेकणारा ब्लोअर त्यातच, थंडीतल्या लग्नांसाठी हीटरही त्यातच – आणि तिथून पत्र्याच्या डक्टमधून हवा खाली हॉलमध्ये. चार वर्षं त्याची देखभाल माझ्याकडे. त्या मशीनला एक खोड होती. सुरू होताना मोटरवरचा बेल्ट घसरायचा आणि तीन-चार सेकंद असा चिरकायचा की जेवणाऱ्याचा घास हातात थांबावा. तो आवाज मी झोपेतही ओळखीन.

आता माझी चूक सांगतो. मेन स्विच तळमजल्यावर, स्टोअरच्या दाराशी. वर युनिटजवळ वेगळा स्विच असायला हवा. होता, पण जळाला, कोणीतरी तो वगळून तारा डायरेक्ट जोडून ठेवल्या आणि मीही चालवून घेतलं. काम करताना मेन बंद करायचा, त्याला कुलूप घालायचं आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवायची, हे मला ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं. पण कार्यालय सांभाळणारे भास्करभाऊ आणि मी, आमचा कायदाच निराळा. मेन बंद केला की मी त्याच्या दांडीला माझा टॉवेल बांधायचो. टॉवेल आहे तोवर संतोष वर आहे. टॉवेल नाही, म्हणजे काम झालं, भाऊंनी मेन चालू करायचा. चार वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं.

मे महिना. सकाळी सकाळी भास्करभाऊंचा फोन.

"संत्या, बेल्ट लय चिरकून राह्यला बे. आज तुटला तं वऱ्हाडी मलेच तळून खातीन. दुपारचं लगन हाय, लवकर ये."

नवा बेल्ट घेऊन साडेनऊला पोचलो. मेन बंद केला, टॉवेल बांधला. त्या दिवशीचा टॉवेल कोरा होता, मागच्या आठवड्यात चुलत भावाच्या लग्नात आहेरात मिळालेला. घडीसुद्धा नीट मोडली नव्हती.

गच्चीवर ऊन नुसतं भाजत होतं. मीटर लावून पाहिलं, शून्य. पॅनल उघडलं, फिल्टर धुऊन वाळत ठेवले, पाणी जायची नळी साफ केली. जुना बेल्ट काढला आणि कठड्यावर ठेवला. हे नीट लक्षात घ्या, जुना बेल्ट माझ्यापासून चार हात लांब, कठड्यावर. मग नवा बेल्ट ब्लोअरच्या पुलीवर चढवला आणि मोटरच्या पुलीवर ओढून घ्यायला उजव्या हाताची चार बोटं आत घातली.

आणि तो चिरकला!

हात असा झटकन बाहेर आला की कोपर पत्र्याला लागलं. पाहतो तर पुली जागच्या जागी. मीटर लावला... शून्य. स्वतःलाच हसलो, म्हटलं ऊन लागलं वाटतं. पुन्हा बोटं घातली. पुन्हा तोच आवाज, तोंडासमोर, खोक्याच्या आतून, पहिल्यापेक्षा मोठा. पुन्हा मीटर, पुन्हा शून्य. आता मला रागच आला. खाली कोण काय करतंय ते विचारावं म्हणून उठलो, दोन पावलं टाकली –

आणि मोटर सुरू झाली. अर्धवट चढलेला नवा बेल्ट सुटून पॅनलवर असा आदळला की पत्र्याला खड्डा पडला. पण चिरकणं? अजिबात नाही. नुसती मोटर गरगरत होती.

मी जिना कसा उतरलो ते मला माहीत नाही. खाली मेनपाशी भास्करभाऊ उभे.

"भाऊ, मी वर होतो ना! टॉवेल काऊन नाही पाह्यला?"

"टॉवेल नव्हता म्हणूनच तं चालू केला बे," ते म्हणाले आणि माझं तोंड पाहून त्यांनी मेन ओढून बंद केला. "कोनं काढला?"

हॉलमध्ये पाहुण्यांना टॉवेल-टोपी द्यायचं चाललं होतं. एका पाहुण्यांच्या खांद्यावर माझा टॉवेल! नवरीचे मामा बिचारे हात जोडून म्हणाले, "एक कमी पडला होता हो. दांडीले नवाकोरा बांधेल दिसला, म्हटलं आपल्याच गठ्ठ्यातला असन." मी पायरीवर बसून राहिलो. मला उगाच हसू येत होतं.

मग भास्करभाऊ शेजारी येऊन बसले आणि हळूच म्हणाले, "संत्या, एक विचारू? मेन बंद असताना तू दोनदा मशीन चालू कशी केली?"

"काय म्हणता?"

"मी खुर्च्या लावून राह्यलो होतो. दोनदा बेल्ट चिरकला, डक्टच्या जाळीतून साफ आयकू आला. म्हटलं, मेन तं बंद हाय, मंग हे काय? म्हणून पाहाले गेलो. टॉवेल नव्हता. म्हटलं झालं तुयं काम."

म्हणजे पाहा! ज्या आवाजाने माझा हात बाहेर काढला, त्याच आवाजाने भाऊंना मेनपाशी नेलं. हा हिशोब मला आजवर सुटलेला नाही. बँडवाले आले नव्हते, जनरेटर बंद होता, आसपास दुसरी अशी मशीन नाही. बेल्ट कठड्यावर होता. एकट्याने ऐकलं असतं तर ऊन म्हणून सोडून दिलं असतं. पण दोघांनी, दोन मजल्यांवर?

बेल्ट मी त्याच दिवशी बसवला आणि लग्न गारव्यात लागलं. आता मेनला माझं कुलूप असतं, किल्ली माझ्या खिशात असते, गच्चीवर नवा स्विच बसवलाय. हे काम करणाऱ्या सगळ्या भावांना हात जोडून सांगतो, खुणेवर भरवसा ठेवू नका, कुलूप लावा. आवाज कोणाचा होता, का आला, मला माहीत नाही. जाणकारांनी कारण सांगावं, मी ऐकून घेईन. मला एवढंच ठाऊक आहे की हे सगळं मी मोबाइलवर उजव्या हाताने टाइप केलंय.