विहिरीकडचा एक एकर

मंगल, ये, अशी जवळ बस. "आत्या, कामं लई हायेत" म्हणतेस अन् फोन ठेवून देतेस. ही काय रीत झाली? म्हणून लिहितेय.

मी गाव सोडलं तेव्हा तुझा बाप, माझा दादा, स्टँडवर आला होता. तुझ्या मामांना, माझ्या मालकांना, इथं शहरात कंपनीत ड्यूटी लागली होती. गाडी हलली तसा दादा खिडकी धरून चालू लागला. म्हणाला, "शेत काय पळून जात नाय. कधीबी ये." उस्मानपुऱ्यातल्या एका खोलीत, नळावर भांडत, मी त्या बोलावर वर्षं काढली.

पुढं आप्पा, आमचे वडील, वारले. सातबाऱ्यावर माझंही नाव चढलं. आपल्यात ठरलेलं असतं, भावानं साडी घ्यायची अन् बहिणीनं हक्कसोडीवर सही करायची. दादानं औरंगपुऱ्यातून हिरवी साडी घेतली. ती नेसूनच मी कचेरीत गेले. साहेबांनी विचारलं, "राजीखुशीनं सोडताय ना?" माझ्या तोंडून निघालं, "नाय." माझं मलाच नवल वाटलं. मला ना विकायचं होतं, ना कसायचं. गावात पाऊल टाकताना पाहुणी होऊन जायचं नव्हतं, एवढंच.

वहिनी म्हणाली, "साडी तेवढी ठेवून घेतली." खरंय, अजून नेसते. वाटणीत विहिरीकडचा एकर माझ्या नावावर आला, अन् दादा बोलायचा थांबला. रागानं त्यानं तो पेरलाच नाय. कंबरेएवढं गवत झालं. इकडं हर्सूलच्या फ्लॅटमध्ये पाच भाऊबीजा मी बाल्कनीतून चंद्राला ओवाळलं. जमीन होती पण माहेर नव्हतं.

मग तू सासर सोडून आलीस. बापाचं रान तुझा भाऊ बघतो, तिथं तुला कोण विचारतंय? तू मला फोन केलास, "आत्या, तुझं रान पेरू का?" त्या साली तूर अशी आली की दादानं स्वतःहून डाळीचं गाठोडं पाठवलं. चिठ्ठी नाय, निरोप नाय. पण गाठ त्याच्याच हातची होती, मी वळखली.

आता नीट ऐक. तो एकर मी तुझ्या नावावर करतेय. नको म्हणू नको. कागदावर माझं नाव नसलं तरी चालंल. तिथं तू उभी असलीस की मला यायला कुणाची मर्जी लागायची नाय. माझं घर आता तेच.

साक्षीदार दोन लागतात. एक शेजारीण तयार हाय. दुसरा दादाच पायजे. त्याला सांग, बोलायचं नसंल तर बोलू नको, पण सहीला ये. सोमवारी सकाळच्या गाडीनं दोघं या. जेवण करूनच ठेवते.