बठ्ठा

पाचोऱ्यात स्टेशनजवळ केळीचे वेफर्स तळणारे एक आबा आहेत. त्यांचा कुत्रा पूर्वी गिऱ्हाइकांच्या अंगावर उड्या मारायचा आणि कोणी बघितलं नाही की भुंकत सुटायचा. गिऱ्हाईक तुटायला लागलं. लोक म्हणाले, दोन फटके द्या. आबांनी हात उचलला नाही. तो भुंकला की ते तागडीतले वेफर्स तसेच ठेवून त्याच्याकडे पाठ करायचे. गप्प झाला की ‘बैठ’ म्हणायचे आणि बसला की पिकलेल्या केळ्याचा तुकडा द्यायचे. माणसांशी अहिराणीशिवाय न बोलणारे आबा कुत्र्याशी मात्र हिंदीच बोलतात.

उड्या थांबल्या. मग एकदा मी वेफर्स घ्यायला उभा असताना धुळ्याकडचा एक माणूस म्हणाला, “आबा, बठ्ठा वेफर दी टाका.” बठ्ठा म्हणजे सगळे. कुत्रा पटकन खाली बसला आणि आबांकडे बघू लागला. मी हसलो. आबांनी गिऱ्हाइकाला थांबवून आधी केळं सोललं.

“त्यानी चूक नही शे. त्याले तसंच ऐकू उनं.”

मला पाव किलोच लागतात. पण हल्ली मीही म्हणतो, “आबा, बठ्ठा द्या.” आबा न विचारता पाव किलोच जोखतात आणि केळं सोलायला घेतात.